हेड्यांची बोली आणि बिन्यामीन सर

बिन्यामीन सरांवर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कळलं तर वाचणारा म्हणेल, ह्याने माणूस गोड करून सांगितला. गोड करून सांगितलेलं सरांनाही चाललं नसतं.

मी रोह्याच्या शाळेत नववीपर्यंत होतो. सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. मला इंग्रजी आलं नाही, त्यात त्यांचा दोष नव्हता. शाळा सुटल्यावर मी स्टँडवर काकड्या विकल्या, धाटावला कंपनीची शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोर वडापाव लावला, आणि आज कोलाडला हायवेवर माझं स्वतःचं हॉटेल आहे. भाव करताना माझा आवाज चढतो, समोरचा वैतागतो आणि मला हवं त्यावर येतो. सगळं असंच उभं केलं. एकट्या सरांशी मात्र माझा सौदा कधी जमला नाही. त्यांच्याशी आवाज चढवला की ते थांबायचे, आणि मी दमलो की मघाचाच प्रश्न पुन्हा विचारायचे.

सर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्याकडे पूर्वी त्यांची घरं गावोगाव होती. एकेक करून सगळे इस्रायलला गेले. सरांचा थोरला भाऊ गेला, बहिणी गेल्या. सरांनी लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते पेणला गणपतीच्या एका कारखान्यामागे दोन खोल्यांत राहायला आले. खिडकीच्या कठड्यावर कायम प्लॅस्टरची पांढरी पूड असायची. दर रविवारी भावाचा फोन यायचा. भाऊ म्हणायचा, आता तरी ये. सर म्हणायचे, "वहीचं काम राहिलंय."

वही हेड्यांच्या बोलीची. हेडी म्हणजे घाटावरून गुरांचे कळप पायी हाकत कोकणात आणणारे आणि गावोगाव विकणारे लोक. ताम्हिणीने उतरायचे, कोलाडला पाण्यावर मुक्काम करायचे, मग कोणी रोह्याकडे वळायचा, कोणी पेणकडे. ट्रक आले आणि ते संपले. त्यांचं वाटेवरचं बोलणं, जनावरांना घालायच्या हाका, आपसांतले शब्द, हे सर तरुणपणापासून टिपून घेत होते. थकून बसलेल्या जनावराला ते 'हिशेब मागतंय' म्हणत. कळपाच्या पुढे चालणारी गाय म्हणजे 'वाटाडी'. असं.

टिपायची त्यांची एक रीत होती. सांगणाऱ्याला ते बसू द्यायचे नाहीत. नव्वदीचा म्हातारा असला तरी उभा करायचे आणि स्वतःची छत्री काठीसारखी त्याच्या हातात द्यायचे. "बसलेला माणूस गोष्ट सांगतो," म्हणायचे, "उभा राहिला की काम आठवतं." मग प्रश्न. कोणत्या जनावराला म्हणायचात? चढावर की उतारावर? तुम्ही स्वतः ऐकलंत की कोणी सांगितलं? चहा आला तरी हात लावायचे नाहीत. चहा झाला की माणूस यजमानाला खूश करायला लागतो, असं त्यांचं मत होतं.

शनिवारी ते लिहायचे नाहीत. धर्माप्रमाणे शनिवारी काम नाही. पण सांगणारे बरेचदा शनिवारीच मोकळे सापडायचे. मग सर शनिवारी नुसतं ऐकून घ्यायचे आणि रविवारी पुन्हा जाऊन तेच विचारायचे. दोन्ही दिवसांचं बोलणं शब्दाला शब्द जुळलं तर पेन्सिल काढायची, नाहीतर नमस्कार करून निघायचं. सुरुवातीला ही धर्माची अडचण होती, पुढे तीच सांगणाऱ्यांची परीक्षा झाली. कितीतरी मोठमोठी माणसं रविवारी नापास झाली, असं सरच सांगायचे.

रोह्यात एक हाक फार प्रसिद्ध होती. "ऊठ रे राजा, घाट वाट बघतोय." शाळेच्या संमेलनात गुराखी झालेलं पोर हे म्हणायचंच. सगळ्यांना वाटायचं, हेड्यांची जुनी हाक आहे. सर तिच्या मागे लागले. कोणाकडून ऐकलं, त्याने कोणाकडून, असं करत दोन वर्षांनी ते एका म्हाताऱ्या कंपाउंडरच्या दारात पोचले. गणपतीतल्या एका नाटकासाठी त्यानेच ती लिहिली होती. त्याला कोण आनंद झाला.

"म्हणजे सगळा तालुका माझं वाक्य बोलतो की, सर."

"तुम्ही कधी गुरं हाकली होती?" सरांनी विचारलं.

"हाकली नाय. पन म्हशीला इंजेक्शन दिलंय."

"ते डॉक्टरांनी दिलं," आतून त्याची बायको म्हणाली. "ह्यांनी शेपूट धरलं व्हतं."

ही गोष्ट सर हसत सांगायचे. हसले की त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. आणि मग हमखास अमेरिकेवर यायचे. तिकडच्या काऊबॉय लोकांच्या नावावर जे बोलणं जगभर खपतं, त्यातलं बरंचसं शहरात खुर्चीवर बसून लिहिणाऱ्यांचं आहे, असं त्यांनी वाचलं होतं. खरे गुराखी धूळ खात चालत होते, त्यांना चटकदार बोलायला वेळ कुठे होता. पुढे तर असं झालं म्हणे की खऱ्या गुराख्यांची पोरं ती पुस्तकं वाचून तसं बोलायला लागली. "मग खरं कुठलं ते कोण सांगणार?" सर विचारायचे. "तिकडे हे होऊन गेलं. इथे माझ्यादेखत होतंय."

माझी आणि त्यांची पुन्हा गाठ ह्याच्यावरूनच पडली.

नदीवर राफ्टिंगला येणारी मुंबई-पुण्याची पोरं माझ्याकडे थांबतात. त्यांच्यासाठी मी हॉटेलच्या भिंतीवर मोठ्या टोपीचा काऊबॉय रंगवून घेतला, शेजारी दोन खिल्लार बैल, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चला बायांनो, घर पुढं हाय. कोकणातल्या हेड्यांची जुनी हाक.' पोरं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढायची. एक दिवस सर एस.टी.तून उतरले, भिंतीसमोर छत्री टेकून उभे राहिले आणि पुष्कळ वेळ हललेच नाहीत. मी गल्ल्यावरून उठून गेलो.

"ही टोपी घालून ह्याला जुलैत पेणला उभा कर," ते म्हणाले. "नाकापर्यंत खाली येईल." मग खालची ओळ वाचली. "हे कोण म्हणायचं, महादेव?"

"माझा बाप."

"तुझे वडील हेडी होते?"

"व्हय. ताम्हिणीने गुरं आणायचे."

सरांचा चेहरा असा उजळलेला मी वर्गातही बघितला नव्हता. पण त्या दिवशी शनिवार होता. त्यांनी मला माझ्याच हॉटेलच्या दारात, गिऱ्हाइकांदेखत, छत्री हातात देऊन उभं केलं आणि सगळं विचारलं. मी सांगितलं.

मला आठवतो तो बाप धाटावच्या कंपनीत गोणी उचलायचा. पण तो आम्हाला नेहमी हेड्यांच्या वाटेच्या गोष्टी सांगायचा. ताम्हिणीची वळणं, पाण्याचे मुक्काम, काठी कशी धरायची. मी चौदा वर्षांचा असताना तो गेला. त्याचा फोटो नाही. कंपनीच्या गेटपासचा एक होता, तो पावसाळ्यात विरघळला. माझ्याकडे बापाचं म्हणून काही असेल तर ही एक हाक. ती सरांच्या वहीत जाणार म्हटल्यावर मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी दुपारी सर परत आले. पुन्हा छत्री, पुन्हा प्रश्न. मी म्हणालो, "चल रं बाबा, घर पुढं हाय."

सरांनी पेन्सिल काढलीच नाही. "काल 'चला बायांनो' होतं."

"तेच ते."

"तेच नाही. वडील काय म्हणायचे?"

मग मला सांगावं लागलं. बाप स्टँडवरून घरी चालत नेताना, मी रडायला लागलो की म्हणायचा, चल रं बाबा, घर पुढं हाय. 'बायांनो' मी घातलं होतं. भिंतीवर बरं दिसतं म्हणून.

"जनावराला म्हणताना ऐकलंस कधी?"

"जनावरं कुठली आणू? मला म्हणायचा ते ऐकलंय."

"तू जनावर नाहीस," सर शांतपणे म्हणाले. "लिहिता येणार नाही."

मी तिथे बरंच बोललो. गल्ल्यावरचा पोऱ्या बाहेर येऊन बघायला लागला इतकं. सर थांबले, आणि मी दमल्यावर म्हणाले, "वडिलांबरोबर चाललेला कोणी जिवंत असेल तर त्याला विचारू."

असा एक जण मीच शोधून काढला. वडखळच्या अलीकडे लेकीकडे राहणारा तुका हेडी. नव्वदीच्या पुढे गेलेला, डोळे बरे, कान त्याहून बरे. मी गाडी काढली आणि सरांना पेणहून घेतलं. वाटेत मी त्यांना सांगून ठेवलं होतं, मी कोणाचा मुलगा ते आधी सांगायचं नाही. म्हातारा भिडेने काहीबाही बोलेल आणि तुम्ही ते मोडीत काढाल, म्हणून. ती माझीच हुशारी.

सरांनी तुकाला अंगणात उभं केलं. छत्री दिली. म्हाताऱ्याने ती हातात येताच उलटी केली, मूठ खाली, टोक वर, हेडी काठी धरायचे तशी, आणि ताठ झाला. सरांनी माझ्याकडे बघितलं. खरा माणूस सापडला होता.

"वाटेवर गुरांना 'घर पुढं हाय' असं कोणी म्हणायचं का?"

तुका सरांकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. "गो, ऐकलंस का?" त्याने लेकीला हाक मारली. "मास्तर इचारतायत, घर म्हणायचं का." आणि सरांना म्हणाला, "वाटेवर 'घर' बोलायचं नाय, मास्तर. पानी म्हणा, सावली म्हणा, पुढं म्हणा. घर नाय. जनावर जल्मभर सांजेला तोच शब्द ऐकतं नं? घरा चल, घरा चल. तो ऐकला की ते मागं वळतं. इकडं आम्ही त्याला इकायला चाललोय, आन् त्याचं घर तर मागं हाय."

"म्हणजे कोणीच म्हणालं नाही?"

"म्हणला की एक येडा. नवा पोरगा व्हता, रोह्याकडचा. गणू. ताम्हिणी उतरताना एक गाय बसली हिशेब मागत. ह्याला दया आली. गळ्याखाली हात घातला आन् म्हणला, चल बाय, घर पुढं हाय. वाटाडी चार पावलांवर व्हती. तिनं ऐकलं. गर्रकन वळली. तिच्या मागं आख्खा कळप वळला, आन् जागा किती, ह्या अंगणाएवढी. दोन जनावरं दरीत गेली."

गणू माझ्या बापाचं नाव.

मी सरांच्या मागे तीन हातांवर उभा होतो. सर वळले. त्यांना माझा चेहरा दिसला, ह्यात मला शंका नाही. ते पुन्हा तुकाकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "कोणतं वळण?" मग विचारलं, गाय कोणत्या रंगाची. मग, तेव्हा कोण कोण होतं. सगळं विचारलं, एकही प्रश्न सोडला नाही.

"मग त्या पोराचं काय झालं?"

"मालकानं थोबाडात मारली आन् काठी काढून घेतली. काठी काढली म्हंजे संपला. पोरगा चांगला व्हता हो. गानी म्हणायचा. पन हेडी नाय झाला. नऊ दिवस व्हता आमच्यासंगं."

चहा आला. मी प्यायलो नाही.  परतताना वडखळ फाट्याजवळ ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा सर म्हणाले, "उद्या पुन्हा यायला हवं. आज शनिवार."

ते रविवारी एस.टी.ने एकटे गेले. तुकाने शब्दाला शब्द तेच सांगितलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सरांनी मला पेणला बोलावून घेतलं. टेबलावर वही उघडी होती. एका कोऱ्या पानावर त्यांना नोंद करायची होती आणि मजकूर त्यांनी वेगळ्या चिठ्ठीवर आधी लिहून ठेवला होता. 'चल बाय, घर पुढं हाय. ताम्हिणीच्या उतारावर गणू नावाच्या नवख्या मुलाने बसलेल्या गायीला म्हटले. कळप उलटला. हेड्यांत हे बोलत नसत.'

"हे मला चालणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"खालचं काढा. हाक राहू द्या, बापाचं नाव राहू द्या. कळप उलटला ते काढा."

"मग तुझ्या हॉटेलच्या भिंतीत आणि ह्या वहीत फरक काय राहिला?"

मी सौदा करायला लागलो. जे मला येतं तेच. म्हणालो, 'नवखा' राहू द्या, 'उलटला' काढा. मग म्हणालो, बरं, 'उलटला' राहू द्या, नाव काढा. सर ऐकत होते. एकदा म्हणाले, "महादेव, ह्या सगळ्या वहीत शंभरावर बोल आहेत. कुठून आले, पहिल्यांदा कोण म्हणालं, एकाचंही मला ठाऊक नाही. हा एकच असा की माणूस ठाऊक आहे, वळण ठाऊक आहे, गाय कुठली ते ठाऊक आहे. ह्याच्याइतकं खरं माझ्याकडे दुसरं काही नाही."

त्यांनी मला काय देऊ केलं ते मला तेव्हा दिसलं नाही. दिसलं असतं तरी घेतलं असतं असं नाही. बापाने आयुष्यभर ज्या नऊ दिवसांच्या गोष्टी आम्हाला सांगितल्या, त्या दिवसांचा शेवट काय झाला ते तो मेल्यावरही लपूनच राहायला हवं होतं, आणि ते मी गाडी काढून, पेट्रोल जाळून बाहेर आणलं. तो राग काढायला समोर सर होते.

"तुम्हाला दोन-दोन साक्षी लागतात ना?" मी ओरडलो. "तुमच्या साक्षीला कोण उरलंय? तुमचे सगळे निघून गेले. उद्या तुम्ही होता हे तरी कोण सांगणार?"

कारखान्यातला पॉलिशचा आवाज थांबला होता, एवढं आठवतं.

"कोणी नाही," सर म्हणाले. त्यांनी चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली. "तू हो म्हणेपर्यंत मी लिहिणार नाही. तुझे वडील आहेत."

मी हो म्हटलं नाही. तीन वर्षं गेलो नाही. भिंतीवरची ओळ मी एका दुपारी स्वतः चुन्याने पुसली, काऊबॉय राहू दिला. तुका हेडी वारल्याचं कळलं तेव्हा मनात पहिलं हेच आलं की आता सांगणारा कोणी नाही, आणि मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली.

गेल्या थंडीत सरांच्या शेजारच्या बाईंचा फोन आला. सर पडले होते, आता उठतात-बसतात, पण जेवण तुटलंय. भावाचा मुलगा पुढच्या महिन्यात येऊन त्यांना तिकडे नेणार आहे. भेटायचं तर या.

मी सकाळी गेलो. सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. सदरा इस्त्रीचा होता, त्यात माणूस निम्माच उरला होता. खोलीतली पुस्तकं दोऱ्यांनी बांधून झाली होती. त्यांनी मला ओळखलं. तब्येतीचं बोललो, हायवेच्या कामाचं बोललो, हॉटेलचं त्यांनी विचारलं. मग त्यांनी उशाजवळची वही माझ्यापुढे सरकवली.

मी पानं उलटली. पहिलं पान कोरं होतं. दुसरं कोरं. उजेडाकडे धरलं तेव्हा दिसलं की कोरं नाही, पेन्सिलीचे वळ आहेत, वरून रबर फिरवलंय. पन्नास वर्षांचं लिखाण, पानामागून पान, असं पुसून काढलेलं. शेवटाकडे एका पानात ती घडी केलेली चिठ्ठी होती.

"हे कोणी केलं?"

"मी. दरवर्षी फिरून विचारून यायचो. पुन्हा विचारायला कोणी उरलं नाही की तो बोल पुसायचा. तुका गेला, मग काहीच उरलं नाही."

"माणूस मेला म्हणून त्याचं बोलणं खोटं झालं?"

"खोटं नाही." त्यांना दम लागला. थांबून म्हणाले, "पण मग ते माझ्या एकट्याचं झालं. माझं झालं की मी त्यात 'बायांनो' घालणार. सगळेच घालतात."

 बोलायला लागलो असतो तर आवाज चढला असता, आणि त्या खोलीत आता चढवण्यासारखं काही नव्हतं.

सरांनी उशीखालून पेन्सिल काढली, टोक केलेली, आणि माझ्या हातात दिली. चिठ्ठी असलेलं पान त्यांनीच उघडलं आणि चिठ्ठी बाजूला काढून ठेवली.

"लिही," ते म्हणाले. "तुला हवं तसं."

"खालचं न लिहिता?"

"तुला हवं तसं."

जे तीन वर्षांपूर्वी आरडाओरडा करून मिळालं नाही, ते हे असं मिळालं. मी पेन्सिल पानावर टेकवली. बापाचं नाव लिहावं म्हणून 'ग' काढायला गेलो आणि हात थांबला. त्या पुसलेल्या वहीत ते एकच वाक्य उरणार होतं, तेही माझ्या अक्षरात, आणि ते विचारायला जगात कुठेच कोणी नव्हतं. सर खिडकीकडे बघत होते. बाहेर कारखान्यातले लोक न रंगवलेल्या मूर्ती उन्हात मांडत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," कोऱ्या पानावरून पेन्सिल उचलत मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी ती मिटली, मांडीवर ठेवली आणि पानाकडे एकदाही बघितलं नाही.